सिदाप्पाने गाडी पारखली

द्राक्षबागांच्या एका गावात सिदाप्पा नावाचा एक भोळा माणूस होता. इतका भोळा की बायकोने "जरा थांबा" म्हटलं, तर ती पुन्हा "चला" म्हणेपर्यंत हा उंबऱ्यातच उभा. माणूस मात्र लाखात एक. सांगितलेलं काम कधी चुकवायचा नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच होता.

त्याच्या बायकोचं नाव मालन. तिच्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मालनच्या बहिणी माहेरी यायच्या त्या आपापल्या गाडीतून. मालन फाट्यावर एसटीतून उतरायची आणि डोक्यावर पिशवी घेऊन चालत यायची. थोरली बहीण दर वेळी सगळ्यांसमोर विचारायची, "दमलीस का गं?" ते मालनला फार लागायचं. यंदा द्राक्षाला भाव बरा मिळाला होता. तिने मनाशी पक्कं केलं, या लग्नाला आपल्या गाडीत मागच्या सीटवर बसून जायचं आणि मांडवाच्या दारात सगळ्यांदेखत उतरायचं.

मोबाइलवर तिला एक गाडी आवडली होती. पुढून जीपसारखी उंच, मागून छप्पर घसरगुंडीसारखं उतरलेलं. अंगाने लहान, किमतीने थोर. बागेत काढणी चालू होती, म्हणून तिने सिदाप्पालाच शहरात धाडलं.

"घेण्यासारखी हाय का, तेवढं बघून या," ती म्हणाली. "नुसतं बघा. तोंड उघडू नका, कशाला हात लावू नका. गोड बोलून गळ्यात मारत्यात."

सिदाप्पा शोरूममध्ये गेला आणि गाडीसमोर उभा राहून बघू लागला.

"काका, काय दाखवू?" तिथला विक्रेता हर्षद म्हणाला.

सिदाप्पा गप्प. हर्षदने पाणी आणलं. पाणी प्यायचं तर पेल्याला हात लावायला हवा आणि तोंडही उघडायला हवं, म्हणून त्याने मान हलवली. बिचाऱ्याला बोलता येत नाही असं हर्षदला वाटलं. त्याने मग सगळी गाडी हातवारे करून समजावली. ब्रेक दाखवताना तो जवळजवळ पडलाच. संध्याकाळी दिवे बंद झाले, तेव्हा सिदाप्पा घरी आला.

"कशी हाय?" मालनने विचारलं.

"निळी," सिदाप्पा म्हणाला.

मालनने कपाळावर हात मारला. "आवं, बैल घेताना असं बघता व्हय? दात बघता, पाठीवर थाप मारता, शेपटी उचलून बघता. काय खातो, मारका हाय का, सगळं इचारता. तसं पारखायचं."

"मग आधी सांगायचं की."

दुसऱ्या खेपेला तो आत शिरला तो थेट गाडीच्या तोंडापुढे उकिडवा बसला. पुढच्या जाळीत चकचकीत उभ्या पट्ट्या होत्या. त्याने त्यांच्यावरून बोट फिरवलं.

"दात सगळे हायेत. कोवळी हाय."

काल मुका असलेला माणूस आज बोलतोय म्हणून हर्षद आधीच गांगरला होता. तेवढ्यात सिदाप्पाने गाडीच्या पाठीवर सणसणीत थाप मारली. गाडी केकाटायला लागली.

"मारकी हाय का?"

"नाही काका, अलार्म आहे तो."

"खाते काय?"

"पेट्रोल."

"किती?"

हर्षदने ते जरा हळू आवाजात सांगितलं.

मग सिदाप्पा मागे जाऊन शेपटी शोधू लागला. हर्षद म्हणाला, "डिकी उघडायचीय का? हात नका लावू, खाली नुसता पाय फिरवा." सिदाप्पाने पाय फिरवला. डिकीचं दार आपोआप वर गेलं. जनावर आपण होऊन शेपटी उचलतं तेव्हा पुढे काय होतं, हे सिदाप्पाला जन्मापासून ठाऊक होतं. त्याने हर्षदला दंडाला धरून बाजूला ओढलं. दोघे वाट बघत उभे राहिले. काहीच पडलं नाही.

"गुणाची हाय," त्याने घरी येऊन सांगितलं. "शेपटी उचलती, पर घाण करत न्हाई."

"आवं, ती गाडी हाय," मालन म्हणाली. "गाडीत बसून बघायचं असतं. मी मागं बसणार. मी बसते तसं मागं बसा, आणि बरं वाटतंय का बघा."

मालन कशी बसते हे सिदाप्पाने पुष्कळदा पाहिलं होतं. माहेराहून निघताना ती एसटीत बसायची, डोक्यावर पदर घ्यायची, पिशवी मांडीवर धरायची आणि पुढचं गाव येईपर्यंत रडायची.

तिसऱ्या खेपेला सिदाप्पा मागच्या सीटवर बसला. डोक्यावर उपरणं ओढलं. मांडीवर पिशवी घेतली. काचेकडे तोंड केलं आणि गळा काढला. हर्षद पाणी घेऊन धावला. आतून मालक आले.

"किंमत सांगितलीस का रे यांना?" मालकांनी विचारलं.

"नाही सर, अजून सांगायचीय."

दुसरी दोन गिऱ्हाइकं हळूच निघून गेली. सिदाप्पा सांगितल्याप्रमाणे नीट, मन लावून रडला.

"सीट मऊ हाय," त्याने घरी सांगितलं. "रडून लई बरं वाटलं. पर छप्पर मागं उतरतंय, मान वाकवून रडाय लागतं."

मालन आधी हसली. मग हसता हसता उंबऱ्यावर बसली. लग्न तोंडावर आलं होतं. "एकदा तरी मला माहेरी मानानं जायचं होतं वो," ती म्हणाली. सिदाप्पाने तिचा चेहरा पाहिला. काहीही झालं तरी हिच्या शब्दाबाहेर जायचं नाही, असं त्याने ठरवलं.

मालन डोळे पुसून उठली. "तुमच्या एकट्याच्या मतावर न्हाई जमायचं. रस्त्यावर चालवून बघा. मागं चौघांना बसवा, आणि त्यांना इचारा."

चौथ्या खेपेला सिदाप्पा गाडी चालवायला बसला, हर्षद शेजारी. बाजाराच्या रस्त्यावर एक म्हातारा तीन शेळ्या घेऊन चालला होता. सिदाप्पाने गाडी थांबवली. एक म्हातारा आणि तीन शेळ्या, मोजून चार.

"काका, नको," हर्षद म्हणाला. तोवर चौघे मागे बसले होते.

थोडं अंतर गेल्यावर सिदाप्पाने विचारलं, "कशी वाटती गाडी?"

"झकास हाय," म्हातारा म्हणाला. शेळ्यांनाही त्याने विचारलं. एकीने सीटची शिवण खाल्ली, म्हणजे तिला आवडली. दुसरीचं मत सीटवरून खाली ओघळत आलं. तिसरीने मत राखून ठेवलं आणि शोरूमच्या दारात दिलं.

मालकांनी मागचं दार उघडलं, वास घेतला आणि दार लावलं. गाडी घेण्यासारखी आहे की नाही, हा प्रश्न तिथेच मिटला. द्राक्षाचे पैसे मालकांकडे गेले आणि किल्ली सिदाप्पाच्या हातात आली.

मालनने सीट धुतली, पुसली, उदबत्ती लावली, नवी चादर अंथरली. मग सिदाप्पाला समोर उभं केलं. "आता मांडवाच्या दारात पोचंपातूर ह्या सीटवर कुणाला बसू द्यायचं न्हाई. कुणाला म्हंजे कुणालाबी."

"तू म्हणशील तसं," सिदाप्पा म्हणाला.

लग्नाच्या सकाळी तो फेटा बांधून गाडीत बसला. मालन आत गजरा माळत होती. आरशात त्याला मागची सीट दिसली आणि त्याच्या लक्षात आलं, आता ही बाहेर येणार, आणि मागेच बसणार. नाही म्हणावं तर ऐन लग्नाच्या दिवशी तिचं मन मोडायचं. म्हणून ती बाहेर यायच्या आत तो हळूच निघाला.

मांडवाच्या दारात गाडी थांबली तेव्हा सगळे बघायला धावले. थोरल्या बहिणीने मागे डोकावून पाहिलं.

"मालन कुठाय?"

"येईल की," सिदाप्पा म्हणाला, आणि बहीण बसेल की काय या भीतीने दाराला आडवा झाला.

बऱ्याच वेळाने वाजंत्र्यांचा टेम्पो आला. त्यात मांडीवर ढोल घेऊन मालन बसली होती. गजरा कानावर आला होता. तिच्या चेहऱ्याकडे बघून एकाही वाजंत्र्याची वाजवायची छाती होत नव्हती. ती उतरली आणि सगळ्या मांडवादेखत सिदाप्पापुढे येऊन उभी राहिली.

सिदाप्पाने उपरण्याने सीट झटकली आणि अदबीने दार उघडलं.

"एक माणूस बसू दिला न्हाई," तो म्हणाला. "गाडी पोचली दारात. ये, आता बस."