अकराव्या ओळीतली वेळ

धरणाखालच्या एका गावात एकदा एक कारकून राहत होता. वय चाळिशी ओलांडलेले, नोकरी पाटबंधारे कचेरीतली, आणि हौस एकच: आपल्याला चांगले लिहिता यावे. तरुणपणी राहून गेलेली हौस चाळिशीनंतर उसळते तेव्हा ती आवरत नाही, हे आपण सारेच जाणतो. त्या गावच्या वाचनालयात एक वृद्ध मास्तर दर रविवारी सकाळी मोठ्या माणसांसाठी लेखनाचा वर्ग घेत. अर्ज कसा करावा, पत्र कसे लिहावे, आणि ज्याला पुढे जायचे असेल त्याने गोष्ट कशी रचावी, हे सारे तिथे शिकवले जाई. वर्गात एक शिंपी होता, दवाखान्यातला कंपाउंडर होता, घरच्या रगाड्यातून तासभर काढून आलेल्या दोघी होत्या. कारकून त्या सर्वांत उत्साही. दोन वर्षांत त्याने एकही रविवार चुकवला नव्हता, आणि टाळ्या बहुधा त्यालाच पडत.

त्या उन्हाळ्यात खालच्या शहराला पिण्याचे पाणी कमी पडले आणि धरणातून एकदम मोठे पाणी सोडायचे ठरले. नदी तेव्हा कोरडी होती. तिच्या वाळूत कलिंगडाच्या वाड्या लागल्या होत्या आणि वाडीवाल्यांची कुटुंबे पात्रातच खोपी घालून राहत होती. त्यांना वेळेवर बाहेर काढणे हे कचेरीचे काम. नदीवर पाच घाट होते. प्रत्येक घाटावर सूचना लावण्याची जबाबदारी साहेबांनी कारकुनावर टाकली आणि ते जिल्ह्याच्या गावी निघून गेले.

कारकुनाला जणू सोन्याचे ताट वाढून आले. आजवर त्याचे लिखाण दहा जणांनी ऐकले होते, आता पाच गावे वाचणार होती. दोन रात्री खपून त्याने मजकूर केला, वळणदार अक्षरात पाच प्रती काढल्या आणि शनिवारी सायकलवरून फिरून पाची घाटांवर चिकटवल्या. रविवारी दुपारी दोन वाजता धरणाचे दरवाजे उघडून पाणी यायचे होते. त्या सकाळी तो नेहमीप्रमाणे वर्गाला आला आणि सहावी प्रत उघडून मोठ्याने वाचू लागला.

"समस्त ग्रामस्थ बंधुभगिनींस सविनय वंदन. ग्रीष्माच्या दाहाने कृश झालेल्या आपल्या लोकमातेच्या अंगणी चैतन्याचा नवा ओघ लवकरच अवतरणार आहे…"

असे पुष्कळ होते. नदीचे उपकार होते, धरण बांधणाऱ्यांचे श्रम होते, तहानलेल्या शहराविषयी कळवळा होता. वेळ अकराव्या ओळीत होती. शेवटी लिहिले होते, 'तरी सुज्ञ ग्रामस्थांनी या प्रसंगी उचित ते करावे, ही नम्र विनंती.' वर्गाने टाळ्या वाजवल्या. शिंपी म्हणाला, "सरकारी कागद इतका गोड मी तरी पहिल्यांदाच ऐकला."

मास्तरांनी टाळी वाजवली नाही. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. दहा वाजून पाच मिनिटे झाली होती. ते उठले, टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "वर्ग नदीवर घेऊ. सगळ्यांनी चला. वह्या आणि शाईच्या दौती बरोबर घ्या."

पहिला घाट वाचनालयापासून जवळ. तिथे चढावर बाभळीच्या खोडाला कारकुनाची सूचना चिकटवलेली होती. खाली वाळूत एक वाडीवाली कलिंगडे वेचत होती. तिचे नाव ठमाबाई. मास्तरांनी तिच्याकडून भरलेली टोपली मागून घेतली आणि कारकुनाला म्हणाले, "चपला काढ. ही डोक्यावर घे. आणि तुझी सूचना वाच."

कारकुनाला वाटले, थट्टा आहे. पण मास्तरांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. त्याने चपला काढल्या. वाळू तापू लागली होती. टोपलीचे ओझे मानेत उतरले तसे त्याचे पाय आत रुतले. वर्ग बघत होता, आणि कालपर्यंत ज्यांच्या टाळ्या घेतल्या त्यांच्यासमोर असे उभे राहणे त्याला फार लागले.

"समस्त ग्रामस्थ बंधुभगिनींस…" त्याने सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला घाम डोळ्यांत गेला. चौथ्या ओळीला तो म्हणाला, "मास्तर, पुढचं मला पाठ आहे."

"पाठ नको. वाच."

पाचव्या ओळीच्या मध्यावर मान कलली, टोपली घसरली आणि दोन कलिंगडे वाळूवर पडून फुटली. तो संतापून म्हणाला, "ओझं घेऊन कुणी वाचतं का?"

"या वाटेनं ओझ्याशिवाय कोण येतं?" मास्तरांनी शांतपणे विचारले. "तूच लिहिलंस, तुलाच अर्ध्याच्या पुढं जाववलं नाही. वेळ कितव्या ओळीत आहे?"

कारकुनाने ओळी मोजल्या. अकराव्या. पण मास्तरांनाही तोवर एवढेच वाटत होते की कागद कुणी पुरा वाचला नसेल. खरे संकट त्यांनाही ठाऊक नव्हते. ते ठमाबाईने सांगितले.

ठमाबाईने दोन वर्षांपूर्वी त्याच वाचनालयात अक्षरे गिरवली होती. ती हसून म्हणाली, "मास्तर, आसं का म्हंता? म्या वाचला की समदा. काल सांजच्याला बोट ठिवून ठिवून वाचला. दोन वाजता पानी येनार हाय. येकदम झ्याक लिव्हलंय."

कारकुनाचा जीव भांड्यात पडला. "मग?" त्याने विचारले.

"मग काय. आमी समद्या बाया दीड वाजताच नदीत उतरनार. खण-नारळ आनलाय. नदी न्हाती-धुती व्हनार, तिची ओटी भराय नको? पोरास्नी बी नवी कापडं घालनार हाय. खालच्या घाटांवर बी सांगावा धाडलाय. शेवटाला लिव्हलंय न्हवं, उचित ते करा म्हनून? आता ओटीपरीस उचित काय आसतं?"

नव्या पाण्याची ओटी भरायची रीत त्या भागात जुनी. ठमाबाईने कागदाचा एक शब्दही चुकीचा वाचला नव्हता. आमंत्रणासारखे लिहिलेले तिने आमंत्रण म्हणून वाचले, आणि बायकापोरांसह नदीच्या मध्यभागी उभे राहण्याची वेळही तिने त्या कागदातूनच घेतली होती. कारकुनाच्या तोंडचे पाणी पळाले. फुटलेल्या कलिंगडांजवळ तो मटकन खाली बसला. अकरा वाजत आले होते.

"साहेब नाहीत. दरवाजे थांबवायचा हुकूम कोण देणार?" तो पुटपुटला. मास्तरांनी कंपाउंडरला धरणाकडे पिटाळले, पण त्या भरवशावर राहता येत नव्हते.

"ऊठ," मास्तर म्हणाले. "लिही."

"काय लिहू?"

"या बाईला काय सांगायचंय?"

"की… पाणी येतंय. बाहेर निघा."

"मग तेच."

कारकुनाने वही मांडीवर घेतली. पहिली ओळ झाली आणि दुसरीला तो अडखळला. "मास्तर, माणसं बुडतील असं सरकारी कागदात लिहितात का?"

"बुडतील ना?"

त्याने लिहिले. एवढ्या तीनच ओळी झाल्या:

'आज दुपारी दोनला नदीला मोठं पाणी येणार.
पात्रात राहाल तर बुडाल.
आत्ता पोरंबाळं घेऊन वर या. ओटी काठावरून भरा.'

मास्तरांनी तो कागद ठमाबाईच्या हाती दिला. तिने बोट ठेवून पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरीच्या निम्म्यात तिने कागद तसाच टाकला आणि खोपीकडे पळत सुटली. धाकट्या पोराला काखेत मारून ती शेजारच्या खोपीवर ओरडत होती, "भाईर निगा गं, भाईर निगा!" लिखाण कसे आहे ते तिने सांगितले नाही.

तिथेच वाळूवर बसून वर्गातल्या प्रत्येकाने त्या तीन ओळींच्या मोठ्या अक्षरांत प्रती केल्या. शिंपी दुसऱ्या घाटाकडे गेला, दोघी बायका तिसऱ्याकडे आणि चौथ्याकडे धावल्या. पाचवा घाट सर्वांत लांब. कारकून म्हणाला, "तिथं मी जातो." आणि वाचनालयापाशी ठेवलेल्या सायकलकडे तो धावला.

कडक ऊन, रस्त्याला फुफाटा. सायकलची साखळी दोनदा उतरली. ती चढवताना त्याच्या हातांना वंगण लागले आणि त्याच हातांनी त्याने कपाळावरचा घाम पुसला. वाटेत एका देवळात घड्याळ दिसले, एक वाजून चाळीस. मग रस्ता नदीपासून दूर गेला आणि त्याला पात्र दिसेनासे झाले. मागे काय झाले असेल, ठमाबाईचा सांगावा पुढे कुणापर्यंत पोचला असेल, हा एकच विचार डोक्यात. आयुष्यभर त्याने पुष्कळ वाचक मिळावेत अशी इच्छा केली होती. आता प्रत्येक पायडलला तो देवाला विनवीत होता की निदान पाचव्या घाटावरच्यांनी तरी आपले लिखाण वाचलेले नसावे.

तो पोचला तेव्हा दोन वाजून गेले होते. म्हणजे मागे दरवाजे उघडले होते. या घाटाला पाणी यायला अर्धा-पाऊण तास, फार तर. काठावरच्या वडाला त्याचा कागद नव्हता, नुसता वाळलेल्या खळीचा चौकोन होता. आणि खाली पात्रात चाळीस-पन्नास माणसे, तीन बैलगाड्या, कलिंगडांचे ढीग. हिरव्या, लाल लुगड्यांतल्या बायका हातांत सुपे घेऊन वाळूतून मध्यभागी चालल्या होत्या.

ढिगाजवळ उभा असलेला व्यापारी त्याला पाहून पुढे आला. कचेरीतला माणूस म्हणून तो कारकुनाला ओळखत होता. "या, या," तो म्हणाला, "सूचना तुम्हीच लिहिलीत म्हणे? वा, काय लेखणी आहे. मी तर कागद काढूनच घेतला." त्याने खिशातून घडी काढली. "मुलीचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. पत्रिकेला मजकूर अगदी असाच हवा होता."

इतकी मोठी दाद कारकुनाला कधी मिळाली नव्हती. त्याने त्या घडीकडे पाहिलेही नाही.

"पाणी सुटलंय," तो म्हणाला. "बुडाल. बाहेर काढा सगळ्यांना."

व्यापारी क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. त्या मोजक्या शब्दांत काहीही सजवलेले नव्हते म्हणून असेल, किंवा सांगणाऱ्याचा काळवंडलेला चेहरा पाहून असेल, त्याने दुसरा प्रश्न विचारला नाही. घडी तशीच हातात घेऊन तो गाडीवानांना ओरडू लागला. कारकून बायकांकडे धावला. तो एकच वाक्य म्हणत होता, "काठावरून भरा, काठावरून भरा." एक म्हातारी ऐकेना. ओटी नदीतच उतरून भरायची असते, असे ती म्हणाली. त्याने तिच्या हातातले सूप घेतले, तिला पाठीवर घेतले आणि चढ चढू लागला. बैल जू टाकून पळाले, एक गाडी रुतली ती रुतलीच.

सगळ्यात शेवटचे पोर वर ओढले तेव्हा वरच्या अंगाला वाळू काळी पडलेली दिसली. मग आवाज आला. बघता बघता पाणी खोपींत शिरले, रुतलेली गाडी आडवी झाली, कलिंगडे उसळत निघाली. बायका जिथे रिंगण धरणार होत्या तिथे माणूस उभा बुडेल एवढे पाणी झाले. म्हातारीने काठावर बसून खण-नारळ पाण्यात सोडला आणि हात जोडले. कारकूनही तिच्या शेजारी बसला आणि लहान मुलासारखा रडला.

दिवस कलताना तो पहिल्या घाटावर परतला. हुकमाशिवाय कंपाउंडरला दरवाजे थांबवता आले नव्हते, पण पाची घाटांवरची माणसे वर आली होती. मास्तर बाभळीखाली बसले होते, ठमाबाईचे पोर त्यांच्या मांडीवर झोपले होते. कारकून समोर बसला. व्यापाऱ्याच्या पत्रिकेसकट त्याने सगळे सांगितले आणि म्हणाला, "मास्तर, सुंदर लिहूच नये का मग?"

"लिहावं की. त्या व्यापाऱ्याला पत्रिका लिहून दे, जीव ओतून लिही. मांडवात येणाऱ्याला सवड असते." मास्तर थांबले. "मला एवढंच सांग. सूचना लिहिताना तुझ्या डोळ्यांपुढं कोण होतं?"

कारकुनाने खोटे बोलायचा विचारही केला नाही. "तुम्ही होता. वर्ग होता."

"ठमाबाई नव्हती."

"नव्हती."

मास्तरांनी मान हलवली. "यातली अर्धी चूक माझी. दोन वर्षं तुला शब्द दिले. ते कुणाच्या हातात पडणार, हे विचारायचं मी विसरलो. टाळ्या मलाही गोड लागत होत्या. लिखाण म्हणजे कुणाला तरी हाक मारणं. आधी त्याच्याकडं बघावं. तो कुठं उभा आहे, त्याच्या डोक्यावर काय आहे, त्याच्याजवळ वेळ किती आहे. मग तोंड उघडावं."

समोरून नदी दोन्ही थड्या धरून वाहत होती आणि वाड्यांची खूणसुद्धा उरली नव्हती. कारकून उठला, ठमाबाईजवळ गेला. ती पसारा आवरत होती. तो म्हणाला, "बाई, वाडी गेली तुमची. भरपाईचा अर्ज करावा लागेल. मी लिहितो. पण आधी तुम्ही सांगा, मी ऐकतो."

आणि ठमाबाई बोलू लागली तेव्हा त्याने लेखणीचे टोपण उघडले नाही. तिचे सगळे सांगून होईपर्यंत तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

आपणही दिवसाकाठी काही ना काही लिहितच असतो. ते ज्याच्यासाठी लिहिले त्याचा चेहरा आपण शेवटचा कधी पाहिला होता, एवढे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.