राजचटणीचा शिक्का

बसा मंडळी, पाट पुढे ओढून घ्या, आणि आधी एवढं सांगा: बाजारात विश्वास ठेवावा तर कुणावर? माल विकणाऱ्यावर, माल घेणाऱ्यावर, की ज्याचं तोंड कधी भाजतच नाही अशा पोपटावर? घाई नाही. आधी ऐका, मग ठरवा.

एका राज्यात अरुणध्वज नावाचा राजा राज्य करी. राज्यात नद्या अनेक, फुलं अनेक, पण तिखट एकच. राजचटणी! सुक्या लाल मिरच्या, लसूण, मीठ आणि वरून तेलाची धार. भाकरीवर राजचटणी, भातावर राजचटणी, जावई जेवायला आला तर त्याच्या खिरीवरसुद्धा बोटभर राजचटणी. ती कुटून देई नेमाशेट. शेटचं पोट मोठं, मन त्याहून मोठं आणि आपल्या चटणीचा अभिमान दोहोंहून मोठा.

राजवाड्याची एक रीत होती. बाहेरून आलेल्या कुठल्याही पदार्थावर पाकाधिकारी दंडपाल चमचाभर राजचटणी घाली. त्याला म्हणत शिक्का. शिक्क्यावाचून घास राजघराण्याच्या ओठांना लागत नसे.

एकदा कपिलाक्ष नावाचा मांत्रिक दरबारात आला. स्वतः मुरवलेला तिखट रस त्याने राजकन्या चित्रांगीपुढे ठेवला. दंडपालने शिक्का घातला. राजकन्येने बोट बुडवलं, चाटलं आणि म्हणाली, "ही तर आमचीच चटणी."

मांत्रिकाची दाढी रागाने ताठ उभी राहिली. "मुली, समोरचं तुला कळलं नाही, तर आता काहीच कळणार नाही. तुझी जीभ लाकडाची होईल आणि तू पायांपासून मिठाची होत जाशील. तीन तिखटं तुला भेटोत. एकाने रडावंस, दुसऱ्याने हसावंस, तिसरं मागून घ्यावंस. तेव्हा सुटशील." एवढं बोलून तो धूर होऊन खिडकीतून निघून गेला.

राजाने नेमाशेटला बोलावलं. "शेट, तुमची चटणी आता चालत नाही. दुसरी तीन तिखटं शोधा."

"दुसरी? महाराज, दुसरी आहेतच कुठे?" शेट म्हणाला. तेवढ्यात त्याची नजर चित्रांगीच्या पावलांवर गेली. ती पांढरी, खडबडीत झाली होती. हीच पोर लहानपणी त्याच्या मिरच्यांच्या पोत्यावर बसून शिंकत असे. शेटने पागोटं सारखं केलं. "निघतो, महाराज."

वेशीबाहेर बाभळीवर एक पोपट लाल मिरची सोलून खात होता.

"राम राम, शेट. तिखट शोधताय?"

"तुला काय कळतं तिखटातलं? पाखरांना मिरची लागत नाही म्हणतात."

"म्हणूनच कळतं," पोपट म्हणाला. "तुमचं तोंड भाजतं आणि तुम्ही तिथेच थांबता. मी पुढे जातो. चला माझ्यामागे."

पहिल्यांदा धुराचा डोंगर लागला. तिथे राहणाऱ्या राक्षसिणीने अट घातली, "माझा वरवंटा उचल आणि वाटून दाखव." वरवंटा म्हशीएवढा. पण शेटचा जन्म वाटण्यात गेलेला. त्याने तो उचलला नाही, नुसता कलता करून वरवंट्याच्याच वजनाने फिरू दिला. राक्षसीण खूश झाली. निखाऱ्यावर भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि कच्ची कैरी त्याच्याचकडून वाटून घेऊन तिने तो खर्डा मडक्यात भरून दिला. "दमलास, बाबा. पाणी पी आणि जा."

मग समुद्र. लाटांखाली कोकमाचं रान होतं, त्याची राखण एक म्हातारा कासव करी. "मला हसव," तो म्हणाला. "फार वर्षांत हसलो नाही." शेटने त्याला खिरीवरच्या राजचटणीची हकीकत सांगितली.

"खिरीवर? आणि जावयाने खाल्ली?"

"दोनदा वाढून घेतली. सासरा समोर बसला होता ना!"

कासव इतका हसला की पाठीवर उलटा झाला. शेटने त्याला सुलटं केलं. बक्षीस म्हणून कोकमाच्या आगळात, म्हणजे त्याच्या आंबट-खारट रसात, मुरवलेली लवंगी मिरची मिळाली, त्यात दोन दाणे तिरफळ. जिभेला गुदगुल्या करणारं ते तिखट!

तिसरी जागा म्हणजे शापित खजिन्याची गुहा. आत सोन्याच्या राशी, राशींवर फणाधारी नाग आणि भोवती सोन्याचे झालेले व्यापारी. प्रत्येकाचं तोंड उघडं, बढाई अर्ध्यावर राहिलेली.

नागाने मातीची बरणी पुढे सरकवली. "चाख आणि खरं सांग. खोटं बोललास तर यांच्यात उभा राहशील."

शेटने चाखलं आणि सवयीने बोलून गेला, "बरं आहे, पण आमच्या राजचट—" पायाचा अंगठा टणक झाला. खाली पाहतो तर सोन्याचा!

पोपट ओरडला, "शेट, इथे गिऱ्हाईक नाही! खरं बोला!"

शेटने डोळे मिटले. पुन्हा चाखलं. "आधी गुळाची गोडी आली. मग चिंच. मग भाजलेल्या तिळाचा वास. तिखट सगळ्यांच्या मागून आलं, नम्रपणे, आणि मग गेलंच नाही." "माझ्या चटणीत हे नाही."

अंगठा पुन्हा मांसाचा झाला. "ने," नाग म्हणाला.

शेट परतला तेव्हा मीठ चित्रांगीच्या कमरेपर्यंत चढलं होतं. दंडपालने पहिल्या तिखटावर शिक्का घातला. राजकन्येने चाखलं. काही नाही. मीठ छातीपर्यंत आलं. दुसऱ्यावर शिक्का. काही नाही. मीठ गळ्याशी आलं. राजाने तोंड फिरवलं.

शेटला उमजेना. त्याने ताटातला उरलेला घास स्वतःच्या तोंडात घातला आणि जागच्या जागी थिजला. धूर नाही, कैरी नाही, कोकम नाही. नुसती त्याचीच चटणी!

दंडपाल तिसऱ्या बरणीवर चमचा नेत होता. शेटने त्याचं मनगट धरलं. "शिक्का नको."

"शेट, हा तुमचाच माल आहे!"

"म्हणून तर सांगतो. माझाच माल आडवा आलाय."

राजा म्हणाला, "शिक्का एकदा मोडला की कायमचा मोडला. घरोघरी तुमचीच चटणी, हा मान जाईल."

"जाऊ द्या, महाराज. पोर राहू द्या."

नव्या वाटीत नुसता खर्डा वाढला गेला. राजकन्येच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते वाहिलं तिथलं मीठ विरघळलं. मग कोकमातली लवंगी. जीभ झिणझिणली आणि चित्रांगी अशी खुदखुदली की छातीवरचं मीठ तडकून गळून पडलं. मग नागाच्या बरणीतलं. तिने ते बोटाने निपटून चाखलं. मग तिने वाटी पुढे केली. "आणखी."

उरलेलं मीठ पावलांवरून सांडलं. खिडकीतून धूर आत आला, त्याचा कपिलाक्ष झाला, पंगतीत मांडी घालून बसला आणि म्हणाला, "मलाही वाढा." राज्यात त्या दिवसापासून प्रत्येक ताटाला चार वाट्या आल्या.

चौथी वाटी राजचटणीची. चित्रांगीने ती सगळ्यांत शेवटी चाखली, थबकली, पुन्हा चाखली. डोळे विस्फारून म्हणाली, "शेटकाका, हिच्यात लसूण असतो?"

नेमाशेट इतका हसला की पागोटं सुटून ताटात पडलं.

तुमच्याही ताटात चार वाट्या येवोत, मंडळी. आणि एक विनंती: जे चाखाल त्याचा हिशेब खरा ठेवा. आवडलं ते जमेला, नावडलं ते खर्चाला, आणि न चाखलेल्याची नोंद मुळीच करू नका.