आस बुद्रुकची शंभरावी कडी

फार वर्षांपूर्वी, राणीचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

घाटमाथ्यावर एक माळ होता. माळावर सात घरांची वाडी होती, आणि वाडीला नाव नव्हतं. खालच्या गावची माणसं तिला नुसतं 'वरची' म्हणायची. माळाच्या दूरच्या टोकाला ओढा होता, ओढ्याच्या डोहात साती आसरांचं, पाण्यातल्या सात देवींचं, ठाणं होतं, म्हणून पाण्यापाशी कुणी आवाज चढवून बोलत नसे. आणि ओढ्यापलीकडे, करवंदीच्या जाळीमागे, एक झोपडी होती. तिच्यात ठकूबाई राहायची. एकटी.

ती काही पहिल्यापासून एकटी नव्हती. वाडीत तिचं आठवं घर होतं. पटकीची साथ आली आणि आठवड्याभरात तिचा नवरा गेला, दोन लेकरं गेली, शेवटी सासू गेली. वाडी घाबरली. सटवाजी म्हणून वाडीतला जाणता माणूस होता, कानानं जरा जड. तो लांबूनच म्हणाला, "ठकू, चार दिस पल्याड ऱ्हा. मग आनू तुला." चार दिवसांचे चार महिने झाले, महिन्यांची वर्षं झाली. तिला आणायला कुणी गेलं नाही. आधी भीतीनं गेलं नाही, नंतर लाजेनं. लाजेचं असंच असतं, जितकी जुनी तितकी जड.

सासूनं जाताना तिला एक वसा दिला होता. "एकटीनं जेवू नकोस, ठकू. पान वाढलं की उंबऱ्यात उभी राहा आणि तीन वेळा हाक घाल, कुणी जेवायचं राहिलंय का? कुणी आलं तर पहिला घास त्याचा. नाही आलं तर त्याचा वाटा बाजूला काढ, मग तू जेव."

ठकूबाईनं वसा टाकला नाही. रोज दुपारी नाचणीची भाकरी पानावर ठेवायची, उंबऱ्यात उभी राहायची आणि हाक घालायची, "कुणी जेवायचं राहिलंय का?" वारा तिकडचा असला की हाक वाडीपर्यंत जायची. बाया चुलीपुढे मान खाली घालायच्या आणि उगीच लाकडं सारायच्या. ओ कुणी देत नसे. मग ती एक वाटा कावळ्यांना ठेवायची, आणि जेवायची. अशी सात वर्षं गेली.

त्याच सुमारास माळावर मोजणीची माणसं आली. तंबू, झेंडे, कारकून, शंभर कड्यांची लोखंडी साखळी, आणि एक तरणा गोरा साहेब. त्याचं नाव ॲशब्रुक. सरळ जिभेच्या माणसाला ते कुठून यायचं? वाडीनं त्याचा आसबुरुक करून टाकला.

मोजणी झाली. कागद भरायला कारकून बसला. त्यानं सटवाजीला विचारलं, "या जागेचं नाव काय?"

सटवाजीला वाटलं, तंबूकडे बोट करून साहेबाचं नाव विचारतायत. तो म्हणाला, "आसबुरुक."

कारकून खूश झाला. त्यानं टाक बुडवला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, मौजे आस बुद्रुक.

आता बुद्रुक म्हणजे थोरलं गाव आणि खुर्द म्हणजे धाकटं, हे कुणाला सांगायला नको. थोरल्यामागे धाकटं असायचंच. महिन्याभरानं कचेरीतून लखोटा आला. आस बुद्रुक पोचले, आस खुर्द कोठे आहे? खुर्दाच्या उंबऱ्याला साखळी टेकल्याखेरीज मोजणी पुरी नाही, आणि मोजणी पुरी झाल्याखेरीज साहेबांस रजा नाही.

साहेबानं उलट लिहिलं, हे गाव नाही, हे माझं आडनाव आहे. उत्तर आलं, दप्तरात चढलेलं नाव उतरत नसतं. शोधा.

बाकीची माणसं तंबू गुंडाळून घाट उतरली. साखळी आणि साहेब तेवढे मागे राहिले.

त्याला घरी जायचं होतं. समुद्रापलीकडे त्याची एक बहीण होती. आईबाप नव्हते, दुसरं कुणी नव्हतं, दोघांनी एकमेकांना वाढवलेलं. ती दर पावसाळ्याआधी पत्र पाठवायची आणि पत्रात एक झाडाचं पान ठेवायची. साहेब ते पान हुंगायचा आणि साखळी खांद्यावर टाकून खुर्द शोधायला निघायचा. सटवाजीला विचारायचा, "ओढ्यापलीकडे काय आहे?"

सटवाजी दुसरीकडे बघायचा. "पल्याड काय न्हाई, सायेब. नुसती जाळी."

तीन वर्षं त्यानं माळ पालथा घातला. शोधायचं होतं गाव, पण सापडायचं भलतंच. कुणाचं चुकलेलं वासरू सापडलं, बुजलेला झरा सापडला. धुक्यात वाट चुकलेले वाटसरू त्यानं साखळीच्या खळखळाटावर माघारी आणले. असं म्हणतात, की साहेबाची साखळी वाजली की हरवलेलं माणूस जागच्या जागी थांबायचं, कारण त्याला कळायचं, आता आपण सापडलो. फक्त साहेब तेवढा कुणाला सापडत नव्हता.

चौथ्या वर्षी एका दुपारी तो ओढ्याच्या काठावर एका पांढऱ्या धोंड्याशी बसला होता. बहिणीचं त्या वर्षीचं पत्र आलं नव्हतं. आणि जाळीमागून हाक आली, "कुणी जेवायचं राहिलंय का?"

त्याला मराठी बेताची येत होती. पण 'राहिलंय' हा शब्द त्याला पाठ होता, कचेरीच्या प्रत्येक लखोट्यात असायचा. काम राहिलंय, मोजणी राहिली, खुर्द राहिलं. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "राहिलोय."

ठकूबाईच्या हातातला तांब्या पडला. दहा वर्षांत तिच्या हाकेला ओ आली नव्हती. तिला वाटलं, आसरांपैकी कुणी थट्टा करतंय. मग जाळी हलली आणि लाल तोंडाचा, ओरबाडलेल्या हातांचा माणूस पुढे आला.

"कोण रं बाबा तू?"

"आसबुरुक," तो म्हणाला. आता तो स्वतःही तसंच म्हणायचा.

तिनं काही विचारलं नाही. पाय धुवायला पाणी दिलं, पान मांडलं, कुळथाचं पिठलं वाढलं. तो मांडी घालून बसला आणि पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"तिखट लागलं व्हय?"

"नाही, बाई."

"मग ऱ्हाऊ दे, वाहू दे," ती म्हणाली आणि अजून एक भाकरी टाकली.

जेवण झाल्यावर त्यानं सवयीनं विचारलं, "या गावाचं नाव काय?"

ठकूबाई हसली. किती दिवसांनी हसली, तिलाच ठाऊक. "गाव कसलं, सायबा. एक मी आन् एक चूल. हे एवढंसं हाय."

"एवढंसं," साहेब पुटपुटला. "एवढंसं म्हणजे खुर्द?"

"म्हन खुर्द. तुझी हौस."

साहेब ताडकन उठला. एक घर, एक उंबरा, ओढ्याच्या काठावरून साखळीच्या टप्प्यात. तीन वर्षं जे शोधलं ते जाळीमागे जेवायला बोलवत होतं. त्यानं तिला सगळं सांगितलं, मोडक्या शब्दांत, हातवारे करत. उद्या साखळी या उंबऱ्याला टेकली की मोजणी पुरी. मोजणी पुरी की घर.

ठकूबाईनं त्याच्या पानाकडे बघितलं. दहा वर्षांनी एक पान जास्तीचं वाढलं होतं, आणि ते उद्या उठणार होतं. पण ती म्हणाली, "जा बाबा. वाट बघनारं मानूस असलं तर जावं."

दुसऱ्या दिवशी सगळी वाडी ओढ्यावर जमली. ठकूबाईला वाडीनं दहा वर्षांनी पाहिलं. साहेबानं साखळीचं एक टोक पांढऱ्या धोंड्याला लावून धरलं आणि दुसरं ठकूबाईकडे पाठवलं. ते घेऊन ती उंबऱ्याकडे चालत गेली. साखळी ताणली. उंबऱ्याशी वाकून तिनं बघितलं. बरोब्बर शंभर कड्यांचं अंतर होतं, केसभर इकडे नाही, तिकडे नाही.

तिनं शेवटच्या कडीवर मूठ मिटली.

"पोचली का?" साहेबानं पलीकडून विचारलं.

"न्हाई," ठकूबाई म्हणाली. "येक कडी ऱ्हायली."

साहेबानं तिच्या मिटलेल्या मुठीकडे बघितलं. मग त्यानं वहीत लिहिलं, मोजणी राहिली. कचेरीतून हुकूम आला, पुढल्या वर्षी याच दिवशी फेर मोजा.

मोजणीच्याच दुपारी हाक झाली तेव्हा साहेबानं ओ दिली, आणि त्याच्यामागून घोगऱ्या आवाजात सटवाजीनं दिली, "ठके, म्या बी ऱ्हायलोय." त्याच्या मागे त्याची सून होती, तिच्या मागे सगळी वाडी. ठकूबाईनं पीठ पुन्हा मळलं. सटवाजी पानावर बसला तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "चार दिस झालं का, सटूआप्पा?" म्हाताऱ्यानं हातातला घास खाली ठेवला. मग तिनंच त्याला पाणी दिलं.

त्या दिवसापासून तिचं एकटेपण सरलं. पण घास मात्र गोड लागेना. संध्याकाळी साहेब पांढऱ्या धोंड्यावर बसून मावळतीकडे बघायचा, आणि ती दारातून त्याच्याकडे बघायची. आपली मूठ मिटली म्हणून त्या पोराचं घर दुरावलं. वसा पाळायला पाप केलं, तर तो वसा कसला? तिनं एक नवा नेम धरला. रोज एक पान मावळतीच्या बाजूला मांडायचं, साहेबाच्या बहिणीच्या नावानं, आणि त्या पानाला हात लावून मनात म्हणायचं, बाई, तुझं माणूस मी ठेवून घेतलंय, माझ्यावर रागावू नकोस.

एकदा साहेबानं तिला सांगितलं, की त्याच्या आडनावाचं एक गाव त्याच्या मुलखात आहे, आणि त्या नावाचा अर्थ झाडांमधला ओढा. "तुमच्यात आस म्हणजे काय, बाई?"

"वाट बघनं," ठकूबाई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून चुलीकडे वळली.

वर्ष फिरलं. मोजणीचा दिवस आला. आदल्या दिवशी तिनं निर्जळी उपास केला. सकाळी डोहावर जाऊन आसरांना हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, "आज मूठ उघडते. सोसायचं बळ द्या."

साखळी ताणली. ठकूबाई उंबऱ्याशी वाकली. शेवटची कडी तिनं उघड्या तळहातावर घेतली आणि पुढे केली.

कडी उंबऱ्याला पोचेना.

तिनं ओढली, पुन्हा ओढली. एका कडीचं अंतर राहिलंच. असं म्हणतात, की साती आसरांनी त्या क्षणी ओढ्याचे दोन्ही काठ एका कडीएवढे लांब सारले. वाडीनं तर ओढ्याचं पाणी हललेलं डोळ्यांनी पाहिलं. पण ठकूबाईनं पाण्याकडे बघितलं नाही. तिनं पलीकडे, पांढऱ्या धोंड्याकडे बघितलं.

साहेबाची मूठ मिटलेली होती.

"पोचली का, बाई?" त्यानं विचारलं.

"न्हाई, सायबा," ती म्हणाली. "येक कडी ऱ्हायली."

"मग मी पण राहिलो," साहेब म्हणाला आणि वही उघडली.

त्यानंतर तीस वेळा मोजणी झाली आणि तीसही वेळा एक कडी राहिली. कोणत्या वर्षी कुणाची मूठ, हे त्या दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही. बहिणीची पत्रं थांबली. साहेब रोज मावळतीकडे बघायचा, शेवटपर्यंत. राहिला म्हणून त्याची आस सरली, असं काही झालं नाही. त्याच्या पानाशेजारी बहिणीचं पान मांडलेलं असायचं, एवढंच.

एका श्रावणात, शेवटच्या सोमवारी, माळावर दाट धुकं उतरलं. म्हाताऱ्या ठकूबाईनं हाक घातली. ओ आली नाही. पुन्हा घातली. तिसऱ्या हाकेला ती काठी टेकत काठावर गेली. पांढऱ्या धोंड्यावर साखळी नीट गुंडाळून ठेवलेली होती. साहेब नव्हता. पुढे कुणाला दिसलाही नाही. असं म्हणतात, की आसरांनी त्याला ओढ्याच्या वाटेनं नेलं. ओढा नदीला मिळतो, नदी समुद्राला, आणि समुद्रापलीकडे त्याच्या नावाचा ओढा आहे. साखळीत कड्या भरल्या नव्याण्णव. शंभरावी ठकूबाईला घरी परतल्यावर मिळाली. ती उंबऱ्यावर होती, बरोब्बर टेकलेली.

आज आस बुद्रुक चाळीस घरांचं आहे आणि आस खुर्द पंचवीस. जो कुणी एकटा तिथं आला आणि राहिला, त्याला गावानं आडनाव दिलं आसबुद्रुके. हाडं बसवणारे बाबू आसबुद्रुके झाले, चार गावांच्या मुलींना शिकवणाऱ्या सुभद्राबाई आसबुद्रुके झाल्या. त्यांचं रक्ताचं नातं काही नाही. सगळे राहिलेल्यांच्या वंशातले. दोन भावांत शेत वाटलं की बांधावर एका कडीएवढी जागा तिथं कुणीच धरत नाही. ती साहेबाची कडी. त्यामुळे बांधावरून भांडण कसं ते या दोन गावांना माहीत नाही.

आणि श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी खुर्दच्या बाया ओढ्यावर उभ्या राहून हाक घालतात, "कुणी जेवायचं राहिलंय का?" बुद्रुकची पोरंटोरं, म्हातारे सगळे मिळून ओ देतात, "राहिलोय." मग ओढा ओलांडून पंगत बसते. मावळतीच्या बाजूला एक पान मांडलेलं असतं. त्यावर सगळं वाढतात, कुळथाचं पिठलंसुद्धा. त्या पानावर आजवर कुणी आलेलं नाही. पंगत उठते, सगळी पानं उचलली जातात, ते एक तेवढं दिवेलागणीपर्यंत ठेवतात. ते पान उरलं, असं तिथं कुणी म्हणत नाही. राहिलंय, असं म्हणतात.