बायजाक्का कासारणीने सांगितलेली नावं

फार वर्षांपूर्वी, म्युनिसिपालिटीचे कंदील शिडी लावून पेटवत असत, त्या काळातली ही गोष्ट. ती सुरू होते एका साध्या बुधवारी. कोष्टीपेठेत माग चालू होते. बायजाक्का कासारीण एका घराच्या पायरीवर बसून नव्या सुनेला बांगड्या भरत होती. तेवढ्यात म्युनिसिपालिटीचा शिपाई हलगी वाजवत आला. या खेपेला घरपट्टी भरणाऱ्यांनाच नव्हे, एकवीस वर्षं पुरी झालेल्या सगळ्यांना मत आहे, बायकांनाही आहे, असं त्यानं सांगितलं. मात्र यादीत ज्या बायकांची स्वतःची नावं नाहीत, त्यांच्या ओळी आठ दिवसांनी खोडल्या जातील.

कोष्टीपेठेच्या यादीत बाईचं नाव एकही नव्हतं. नावं लिहायला माणूस आला, तेव्हा बायकांनी परक्यापुढं आपलं नाव घेतलं नाही, आणि नवऱ्याचं तर घ्यायचंच नसतं. मग पुरुषांनी सांगितलं तसं त्यानं लिहून नेलं. बाबू कोष्ट्याची बायको. रामा लोहाराची आई. अशा तीनशे चाळीस ओळी होत्या.

आता हे ऐकणाऱ्याला वाटेल, खोडल्या तर खोडल्या. पण पेठेतल्या बायकांच्या संडासाला दारं नव्हती. तरटाचे पडदे होते, ते वाऱ्यानं उडत. बायका उजाडायच्या आत जाऊन येत, आणि मग दिवसभर पाणी बेतानं पीत. म्युनिसिपालिटीत हा विषय तीनदा निघाला होता आणि तीनदा मेंबर हसले होते. या खेपेला एक उमेदवार दारं बसवीन म्हणत होता. तो निवडून यायचा तर या तीनशे चाळीस मतांवरच येणार होता.

बायकांनी नवऱ्यांना सांगून पाहिलं. एक जण म्हणाला, “नाव कशाला पाहिजे? हाक मारली की येतेस की.” दुसरा खरंच निघाला, पण चावडीपर्यंत जाऊन परत आला, कारण चौदा वर्षांच्या संसारात बायकोचं नाव विचारायचं राहूनच गेलं होतं.

बायजाक्काला मात्र सगळी नावं ठाऊक होती. तिची भरण्याची एक रीत होती. बांगडी मनगटाकडं जाताना अंगठ्याच्या हाडापाशी अडते, हात आखडतो, तिथंच काच फुटते. नेमक्या त्या क्षणी ती हळूच विचारायची, “नाव काय गं तुझं?” पोर नाव सांगायला तोंड उघडायची, हात सैल पडायचा आणि बांगडी आत जायची. ते नाव तिच्याकडं राहायचं. असं म्हणतात, की डोळे बांधून नुसता हात दिला, तरी ती नाव सांगायची.

सहाव्या दिवशी सकाळी ती म्युनिसिपालिटीत गेली. दारातले लोक म्हणाले, “अक्का, आता मेंबरांना भरणार काय बांगड्या?”

“माप देऊन ठेवा,” बायजाक्का म्हणाली आणि आत गेली.

तांबवेकर नावाचे कारकून होते. त्यांच्यासमोर ती जमिनीवर बसली, डोळे मिटले आणि पेठेच्या पहिल्या घरापासून सांगू लागली. एकेका नावाला तिची बोटं हवेत मिटत, हात धरल्यासारखी. हौसा, सव्वादोनाची बांगडी, हाताला भाजल्याचा डाग. चिंधा, अडीचची, डावा हात जड. असं म्हणतात, की तिनं पाण्याचा घोट घेतला नाही, तांबवेकरांची दौत तीनदा भरावी लागली, आणि भिंतीवरच्या पाली चुकचुकायच्या थांबल्या. असंही म्हणतात, की त्या दिवशी पेठेत ज्या बाईचं नाव निघे, तिच्या हातातल्या बांगड्या घरबसल्या किणकिणत.

उन्हं कलली तेव्हा ती थांबली. तांबवेकरांनी ओळी मोजल्या. तीनशे तीन भरल्या होत्या. सदतीस रिकाम्या होत्या. त्यांनी एकेक वाचून दाखवली. कैलासवासी अमक्याची विधवा. कैलासवासी तमक्याची विधवा.

बायजाक्कानं डोळे उघडले. विधवेच्या दारात कासारीण थांबत नसे. मोकळ्या हाताचं नाव तोंडात ठेवू नये, ते भरल्या हाताला बाधतं, असं तिला सासूनं शिकवलं होतं.

“ठाऊक होती ना ही नावं?” तांबवेकरांनी विचारलं.

“भरताना होती रावसाहेब. हात मोकळे झाले तशी मीच ती सोडली.”

दोन दिवस उरले होते. बायजाक्का दुसऱ्या दिवशी बांगड्यांची टोपली घरी ठेवून निघाली. ती विधवांच्या दारी चालल्याची बातमी तिच्या पुढं धावली. ज्यांची नावं तिनं आदल्या दिवशी लिहवली होती, त्याच सवाष्णी दारात उभ्या राहिल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, “अक्का, तो हात धरून आलात तर आमच्या हाताला लागू नका हो.” बायजाक्काचं पोट त्या हातांवर होतं. तिनं मान हलवली आणि पुढं गेली.

पहिल्या घरातल्या बाईनं हात पदराखाली लपवले. बायजाक्कानं पदरातून हात काढून घेतला, अंगठ्याच्या हाडापाशी दाबला, अगदी बांगडी चढवताना दाबावा तसा, आणि विचारलं, “नाव काय गं तुझं?”

बाईला आठवायला वेळ लागला. मग ती म्हणाली, “कोंडाबाई.” ते नाव ऐकून म्हातारा सासरा आतून खोकत बाहेर आला आणि कोण पाहुणी आली म्हणून बघू लागला.

अशी ती छत्तीस दारांत गेली. असं म्हणतात, की प्रत्येक दारात नाव उच्चारलं की काचेचा आवाज झाला, हात उघडे असताना झाला.

सदतिसावं दार शिंपीणकाकूंचं. त्यांचा नवरा माघात गेला होता. बायजाक्कानं आयुष्यात स्वतःच्या हातानं भरलेला पहिला चुडा काकूंचा होता, म्हणून ते एक नाव तिच्यातून कधी गेलंच नव्हतं. काकूंनी दार उघडलं नाही. आतूनच म्हणाल्या, “ते नाव घेणारं माणूस एकच होतं अक्का. आता ते कागदावर नको.”

बायजाक्का पायरीवर बसून राहिली. दारांचं सांगितलं, मतांचं सांगितलं. आत शिवणाचं यंत्र तेवढं चालू राहिलं. मुदत संपायला घटकाभर उरली तेव्हा ती उठली.

तांबवेकरांनी छत्तीस नावं लिहून घेतली. “आणि ही एक?”

“ठाऊक आहे मला.”

“मग सांगा की अक्का. लेखणी ओली आहे.”

“तिनं सांगितलं नाही,” बायजाक्का म्हणाली.

त्या खेपेला पेठेनं दारंवाला मेंबर निवडून दिला. दारं बसली, सागाची, आतून कडी असलेली. ती पहिल्यांदा लागली त्या दिवशी पेठेतल्या बायका दुपारी तांब्याभर पाणी प्याल्या, असं म्हणतात. बायजाक्काला वर्षभर कुणी हात दिला नाही. मग त्या मेंबराच्याच घरचं लग्न निघालं आणि नवरीनं हट्ट धरला, की भरीन तर अक्काकडूनच. तेव्हापासून पुन्हा सगळे हात आले.

आजही कोष्टीपेठेत म्युनिसिपालिटीचं मतदान असलं, की शाळेबाहेर शंभर मीटरच्या रेघेअलीकडं पाट मांडतात. पेठेतली एखादी म्हातारी त्यावर बसते. प्रत्येक बाई तिच्या हातात हात देते, आपलं नाव मोठ्यानं सांगते आणि मग मत द्यायला जाते. पहिला मान विधवांचा असतो. अलीकडं बायको गेलेले पुरुषही रांगेत येऊन तिचं नाव सांगतात. त्यांना कुणी अडवत नाही.

शिंपीणकाकू त्यानंतर नऊ वर्षं जगल्या. त्यांचं नाव यादीत लागलं नाही, आणि त्यांनी कधी मत दिलं नाही.