केरबाची उत्तरपत्रिका

एका गावात केरबा नावाचा एक भोळा विद्यार्थी होता. भोळा असला तरी आळशी नव्हता. सांगाल ते करायचा. फक्त जिथं करायला सांगितलं तिथं करायचा नाही, एवढंच.

केरबाला जनावरांच्या डॉक्टरकीची पदविका घ्यायची होती. जनावरांतलं त्याला सगळं कळायचं. कुणाची गाय रवंथ करेनाशी झाली की लोक आधी केरबाला हाक मारायचे. पण पदविकेला प्रवेश परीक्षा होती, आणि परीक्षेत केरबाचा दरवेळी काहीतरी घोटाळा व्हायचा. वयाच्या अटीमुळे यंदाची परीक्षा शेवटची. मामानं बजावूनच ठेवलं होतं, "यंदा नाही जमलं तर माझ्या सिमेंटच्या दुकानात यायचं." ते दुकान केरबाला मुळीच आवडायचं नाही. तिथं नुसती पोतीच पोती. एक शेळीसुद्धा नाही.

म्हणून आईनं त्याला हिंगमिरे सरांची शिकवणी लावली.

पहिल्या दिवशी सर म्हणाले, "केरबा, प्रश्न अडला तर तिथंच बसून राहायचं नाही. सोडायचा आणि पुढं जायचं. शेवटी वेळ उरला तर परत यायचं."

"बरं, सर," केरबा म्हणाला.

संध्याकाळी तो म्हैस घेऊन घरी येत होता. ओढ्यात म्हैस बसली ती उठेना. गळ्याखाली खाजवलं की ती उठते हे केरबाला ठाऊक होतं. पण त्याला सरांचं बोलणं आठवलं. तो एकटाच घरी आला.

"म्हैस कुठाय रे?" आईनं विचारलं.

"ओढ्यात अडली."

"मग?"

"सोडली आणि पुढं आलो. जेवून वेळ उरला तर परत जाईन."

आईनं कपाळाला हात लावला. स्वतः जाऊन म्हैस आणली. मग म्हणाली, "अरे बाबा, अडलं म्हणून असं सोडून यायचं नसतं. तिथंच उभं राहायचं आणि मोठ्यानं हाका मारायच्या. चार माणसं धावून येतात."

"बरं, आई."

दुसऱ्या दिवशी शिकवणीत सराव परीक्षा होती. सगळे शांतपणे लिहीत होते. एवढ्यात केरबा बाकावर उभा राहिला आणि ओरडला, "धावा हो धावा! अडलंय!"

शेजारच्या गिरणीतली माणसं धावून आली. एकाच्या हातात दोर होता, एकाच्या हातात पाण्याची बादली.

"कुठं अडलंय रे?"

"भागाकारात."

सरांनी त्या सगळ्यांना हात जोडून परत पाठवलं. मग केरबाला म्हणाले, "परीक्षेत तोंड मिटून बसायचं. मान खाली. शेजाऱ्याचं काय चाललंय ते बघायचंसुद्धा नाही."

"बरं, सर."

रविवारी आईनं अंगणात बाजेवर कुरडया वाळत घातल्या. केरबाला राखणीला बसवलं आणि ती दळणाला गेली. परत येऊन बघते तर बाजेवर एकही कुरडई नाही. सोनाकाकूंची शेळी आता खाली अंथरलेलं लुगडं खात होती. केरबा शेजारीच बसला होता. तोंड मिटून, मान खाली.

"अरे, तुला दिसलं नाही?"

"कुरकुर आवाज येत होता. पण शेळी शेजाऱ्यांची. शेजाऱ्याचं काय चाललंय ते बघायचं नसतं."

सोनाकाकू कुंपणावरून म्हणाल्या, "गुणाचा आहे हो तुमचा केरबा. माझी शेळी पोटभर जेवली."

आईनं आधी शेळी हाकलली. मग म्हणाली, "आपल्या पुढ्यातल्या वस्तूकडे कुणी आलं की काठी उगारायची! हाड हाड करायचं! हातसुद्धा लावू द्यायचा नाही!"

"बरं, आई."

पुढची सराव परीक्षा छान चालली होती. केरबानं भराभर उत्तरं लिहिली. वेळ संपला. सर पेपर गोळा करत करत त्याच्यापाशी आले आणि त्यांनी हात पुढं केला.

केरबानं लाकडी पट्टी उगारली. "हाड! हाड!"

सर फळ्यामागं गेले.

"अरे, मी हिंगमिरे!"

"असाल. पण पेपर माझा आहे."

वर्गातली पोरं हसून हसून बाकाखाली गेली. सर फळ्यामागूनच म्हणाले, "केरबा, घंटा झाली की हातात असेल ते मागणाऱ्याला देऊन टाकायचं. गुपचूप. आणि सरळ घरी जायचं."

"बरं, सर."

केरबानं पेपर देऊन टाकला. सरांनी तो तपासला आणि चष्मा पुसून पुन्हा तपासला. सगळी उत्तरं बरोबर होती.

हे कळल्यावर आईला काय आनंद झाला! तिनं घरच्या तुपाची बरणी केरबाच्या हातात दिली. "जा, सरांना देऊन ये."

वाटेत समोरून नंदीबैलवाला आला. बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली.

"द्या काहीतरी, मालक," नंदीबैलवाला म्हणाला.

केरबानं गुपचूप बरणी दिली आणि सरळ घरी गेला. नंदीबैलवाला बघतच राहिला. बैलानं तेवढी मान हलवली.

"काय म्हणाले रे सर?" आईनं विचारलं.

"सरांकडे पोचलोच नाही. वाटेत घंटा झाली."

सगळं ऐकून आई उंबऱ्यावर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं केरबाला जवळ बसवलं आणि म्हणाली, "ऐक बाळा. आपल्या कष्टाची वस्तू आईला विचारल्याशिवाय कुणाला द्यायची नाही. कुणीही मागू दे. सरकारी माणूस आला तरी नाही."

"बरं, आई."

खऱ्या परीक्षेचा दिवस आला. सर मुद्दाम काहीच बोलले नाहीत. आईनं हातावर दही ठेवलं. केरबा एसटीनं तालुक्याला गेला. मामाचा निरोप आला होता, की दुकानात एक माणूस कमी आहे. आईला दिवसभर घास गेला नाही.

संध्याकाळी आई आणि सर स्टँडवर जाऊन उभे राहिले. केरबा एसटीतून हसत हसत उतरला.

"कसा गेला रे पेपर?" सरांनी विचारलं.

"सोपा होता. सगळा जनावरांचाच."

"कुठं अडलं नाही ना?"

"एक प्रश्न अडला. सोडला आणि पुढं गेलो. वेळ उरला, परत आलो. सुटला."

"ओरडला नाहीस?"

"छे! तोंड मिटून बसलो होतो. मान खाली."

"शेजाऱ्याकडे?"

"बघितलंसुद्धा नाही."

"आणि पट्टी?" सरांनी जरा मागं सरकत विचारलं.

"पट्टी दप्तरातच होती, सर."

सर आईकडे वळले. "वहिनी," ते आईला म्हणाले, "पोरानं जिंकलं. मामांना कळवा, दुसरा माणूस बघा म्हणावं." आईनं तिथंच स्टँडवर हात जोडले. सर पेढे घ्यायला निघाले.

"आई," केरबा म्हणाला, "तुला एक विचारायचं होतं."

त्यानं शर्टाची वरची दोन बटणं सोडली. आत हात घालून एक कागद काढला, तो जराही चुरगळू न देता उलगडला आणि आईपुढं धरला. उत्तरपत्रिका होती. सगळे गोल सुबक भरलेले.

"तिथले एक साहेब हे फार मागत होते. फाटकापर्यंत माझ्यामागं पळत आले. माणूस चांगला वाटला. देऊ का?"