पापणी न लवणारे डोळे

फार मागे, मेपलच्या रानात एक पिवळा पतंग राहायचा. त्याच्या मागच्या पंखांवर घुबडाच्या डोळ्यांसारखे दोन काळे ठिपके होते. पुढचे पंख मिटले की ते झाकले जात. एका दुपारी निळा पक्षी अंगावर धावून आला, तेव्हा पतंगाने झटकन पंख फाकले. ते डोळे बघताच पक्षी घाबरून पळाला.

शेजारची पतंगीण म्हणाली, "गेला ना तो? झाक आता ते डोळे."

"आणि परत आला तर?" असं म्हणत तो पंख उघडेच ठेवून बसला.

पक्षी परत आला. समोरच्या फांदीवरून बराच वेळ बघत राहिला. मग हळूहळू जवळ सरकत म्हणाला, "काय हो घुबडराव, तुमची पापणी कशी लवत नाही?"