मुंगसाची चौकी

फार पूर्वी, जनावरांचा व्यापार होड्यांनी चाले, तेव्हा एका बंदरावर मुंगूस पहारेकरी होता. एकदा आंब्याच्या करंडीतून साप निघाला. तेव्हापासून तो प्रत्येक करंडी सोडून एकेक आंबा हुंगू लागला. कासवांच्या होड्या ताटकळल्या.

"मुंगूसभाऊ, आंबे नासतायत हो!" म्हातारं कासव कळवळलं.

"नासू देत. साप आला म्हणजे?" मिशीवर ताव देत मुंगूस म्हणाला.

कासवांनी सडका माल तिथेच टाकला आणि होड्या पलीकडच्या खाडीत नेल्या. सडक्या आंब्यांवर उंदीर आले. उंदरांच्या मागावर डोंगरातून साप आला, तो थेट चौकीच्या दारात.

मुंगसाने कपाळावर पंजा मारून घेतला. "या सापराव! करंड्या हुंगून हुंगून नाक झिजलं माझं, आणि तुम्हाला आवतण धाडणारा मीच!"